ज्येष्ठांसाठी व अपंगांसाठी मोबाईल : वेगळा फोन हवा, की नेहमीच्या फोनचीच रचना सुधारायला हवी?

मितभाषी

वयस्कर माणसाला कोणता फोन घ्यावा, असे कुणी विचारले की उत्तरे दोनच येतात. मोठ्या बटणांचा साधा फोन घ्या, किंवा नेहमीचाच स्मार्टफोन घेऊन अक्षरे मोठी करून द्या. दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा हाताला कंप असलेल्या माणसाबद्दल विचारले, तर बहुधा उत्तरच येत नाही. दोन्ही सल्ल्यांमध्ये फोन हा तयार माल असतो आणि जुळवून घेण्याचे काम माणसाकडे येते. मला चर्चा करायची आहे ती त्याच्या आधीच्या टप्प्याची, म्हणजे फोनची रचना ठरत असतानाच काय काय ठरायला हवे याची.

हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे साधारण १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगत आहेत, आणि २०३० साली जगातील दर सहा माणसांमागे एक जण साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल. हे दोन गट एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत. फरक एवढाच की, म्हातारपणी दृष्टी, श्रवण, स्पर्श आणि स्मरण या चारही गोष्टी थोड्याथोड्या कमी होतात आणि त्यामुळे कोणत्याही एका अपंगत्वासाठी केलेली सोय त्या माणसाला पुरी पडत नाही.

डोळ्याचेच पाहा. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आकसते आणि भिंग दाट व पिवळसर होत जाते. पिवळे भिंग निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळ्या आणि हिरव्या छटा एकमेकींत मिसळू लागतात. आता पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी अक्षरे ठेवण्याची हल्लीची पद्धत आठवा. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील तेजाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे सांगितले आहे, आणि मोबाईलच्या पडद्यालाही तोच निकष लावला जातो, पण देखणेपणाच्या नादात तो सर्रास मोडला जातो. कानाच्या बाबतीत वरच्या वारंवारतेचे आवाज आधी हरवतात, त्यामुळे 'स', 'श' यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि बारीक किणकिणणारी रिंगटोन पूर्ण आवाजात वाजली तरी शेजारच्या खोलीतल्या तरुणालाच ऐकू येते. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा रिंगटोन खालच्या पट्टीत आणणे अधिक उपयोगी पडते. बोटांची त्वचा कोरडी झाली की विद्युतभार ओळखणारा काचेचा पडदा स्पर्श नोंदवायला कुचराई करतो. माणूस आणखी जोराने दाबतो, मग बोट जास्त वेळ टेकलेले राहते आणि फोन त्याला 'दीर्घ दाब' समजून भलतीच यादी उघडतो. यात त्या माणसाचे काही चुकलेले नसते, पण दोष तो स्वतःकडे घेतो आणि हळूहळू फोनला हात लावणेच सोडतो.

यावरचे बहुतेक उपाय आजच्या फोनमध्ये आहेत, आणि माझी मुख्य तक्रार तिथूनच सुरू होते. अक्षरे मोठी करण्याची सोय बारीक अक्षरांच्या यादीत चार पातळ्या खाली दडलेली असते, आणि थरथरत्या बोटांसाठीची सोय सुरू करायला बोट स्थिर असावे लागते. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. काही फोनमध्ये पहिल्यांदा चालू करतानाच बाजूचे बटण तीनदा दाबून किंवा पडद्यावर दोन बोटे धरून ठेवून बोलणारी सोय सुरू करता येते. पण ही युक्ती आधीपासून माहीत असेल तरच.

माझे म्हणणे असे की, फोनने पहिल्याच पडद्यावर मोठ्याने बोलावे आणि दाखवावेही. एक वाक्य लहानापासून मोठ्यापर्यंत वेगवेगळ्या आकारांत दाखवून सोयीचे वाटेल तिथे बोट ठेवायला सांगावे, आणि बोट किती वेळ टेकले, किती घसरले, हे त्याच वेळी मोजून घ्यावे. 'तुम्हाला काही अपंगत्व आहे का' असे विचारले तर बहुसंख्य वयस्कर माणसे 'नाही' म्हणतील. त्यांच्या लेखी ते अपंगत्व नसतेच, वय झालेले असते. म्हणून विचारण्यापेक्षा मोजलेले बरे. इतरांचे अनुभव आणि मतभेद, दोन्ही वाचायला आवडतील.

---

जुनाजाणता

वेगळ्या फोनची कल्पना आपण फार लवकर निकालात काढली आहे, असे वाटते. जपानमध्ये डोकोमो या दूरसंचार कंपनीने १९९९ मध्ये 'राकुराकु फोन' आणला, आणि पुढे फुजित्सूने ती मालिका अनेक वर्षे चालवली. ठरावीक माणसांना थेट फोन लावणारी तीन वेगळी बटणे त्यात होती, आणि पुढच्या फोनमध्ये समोरच्याचे बोलणे किंचित संथ करून ऐकवण्याची सोयही आली. ही शेवटची सोय मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण उतारवयात शब्द ऐकू येतात पण वेग झेपत नाही, आणि समोरच्याला वारंवार 'हळू बोला' म्हणण्याचा संकोच वाटतो. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या 'जिटरबग' फोनमध्ये उघडल्याबरोबर जुन्या दूरध्वनीसारखा डायल टोन ऐकू येई. मोबाईलला त्याची तांत्रिक गरज काहीच नव्हती. फोन चालू आहे आणि आता नंबर फिरवायला हरकत नाही, एवढी खात्री त्या आवाजातून मिळत असे.

हे फोन करणाऱ्यांनी वैशिष्ट्ये नुसती काटली नव्हती, वापरणाऱ्याच्या सवयींचा अभ्यास केला होता. आज बाजारात 'सीनियर फोन' म्हणून जे मिळते, त्यातले बरेचसे म्हणजे मोठी बटणे चिकटवलेला स्वस्त फोन असतो. बटण मोठे, पण त्यामागचा पडदा तोच किरकिरा आणि यादी तीच गुंतागुंतीची. म्हणून दोष कल्पनेचा की अंमलबजावणीचा, हे वेगळे पाहायला हवे.

---

स्पर्शज्ञ

मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि कीपॅडच्या फोनपासून आजच्या काचेच्या फोनपर्यंतचा सगळा प्रवास वापरणारा म्हणून पाहिला आहे. वेगळ्या फोनबद्दल जुनाजाणता यांना वाटणारी आस्था समजते, पण आमच्या बाबतीत गोष्ट उलटी घडली.

कीपॅडच्या फोनवर '५' या अंकावरच्या उंचवट्याला बोट लावले की बाकीचे अंक आपोआप कळत. पण पडद्यावर काय लिहिले आहे हे ऐकण्यासाठी स्क्रीन रीडरचे सॉफ्टवेअर निराळे विकत घ्यावे लागे आणि ते निवडक फोनवरच चाले. काचेचे फोन आले तेव्हा सर्वांनाच वाटले की, आता आमच्यासाठी दार बंद झाले, कारण सपाट काचेवर चाचपडायला काहीच नव्हते. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा फोनमध्येच असलेला स्क्रीन रीडर आला आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक हा तसाच स्क्रीन रीडर आला. काचेवर बोट सरकवत न्यायचे, बोटाखाली जे येईल त्याचे नाव फोन उच्चारतो, आणि हवे ते सापडले की कुठेही दोनदा टिचकी मारायची. शोधण्यासाठीचा स्पर्श आणि निवडण्यासाठीचा स्पर्श वेगळे केले, एवढीच ती युक्ती होती. दुकानातल्या कुठल्याही ग्राहकाला मिळतो तोच फोन, जादा पैसे न देता, आम्हाला वापरता येऊ लागला. वेगळा फोन घेतला असता तर त्यावर चालणारी ॲप्सही वेगळीच आणि मोजकीच राहिली असती.

आता अडचण कुठे येते, ते एका पडद्याच्या उदाहरणाने सांगतो. पैसे पाठवण्याच्या एका ॲपमध्ये मी रक्कम टाकतो; ती व्यवस्थित वाचून दाखवली जाते. त्यानंतर बोट खाली नेले की ऐकू येते, 'बटण'. आणखी खाली, 'बटण'. उजवीकडे, 'चिन्हांकित नसलेले बटण'. यातले एक 'पुढे' असते, एक 'रद्द' असते आणि एक बहुधा कसली तरी जाहिरात असते. बटण बनवणाऱ्याने त्याला नाव दिलेले नसते. डोळ्यांना बाण दिसतो, कानांना काहीच मिळत नाही. पुढे पिन टाकण्यासाठी ॲपने स्वतःचा कळफलक आणलेला असतो आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यावरच्या अंकांच्या जागा दर वेळी बदलतात. फोनचा स्क्रीन रीडर पडदा पूर्ण काळा ठेवूनही काम करू देतो, म्हणजे शेजाऱ्याला काही दिसण्याची भीतीच नसते. तरीही सुरक्षेची किंमत मलाच मोजावी लागते.

फोनच्या बाह्य रचनेबद्दलही थोडे लिहितो, कारण त्याकडे कुणी पाहत नाही. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाची दोन टोके स्पर्शाला सारखीच लागतात. पुढची आणि मागची बाजू दोन्हीकडे गुळगुळीत काच असेल, तर खिशातून फोन काढताना कॅमेऱ्याचा उंचवटा शोधून दिशा ठरवावी लागते. एक बारीक खाच किंवा कडेला खरखरीत पट्टी एवढ्याने हे काम होईल.

---

उलटतपासणी

विषय महत्त्वाचा आहे हे मान्य करून थोडा विरोधी सूर लावतो. कुणाला मोठी अक्षरे हवीत, पण मोठ्या अक्षरांमुळे पडद्यावरचा मजकूर तुटतो आणि विस्मरण असलेला माणूस सरकवता सरकवता हरवतो. कुणाला बोलणारा फोन हवा, पण ऐकू कमी येणाऱ्याला त्याच बोलण्याचा त्रास होतो. एकाच फोनमध्ये सगळे कोंबले की सेटिंगची यादी आणखी लांबते, म्हणजे मितभाषी यांची मूळ तक्रारच वाढते. शिवाय कंपनीने हा खर्च का करावा? सदिच्छेवर उत्पादने चालत नाहीत.

---

मितभाषी

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. खर्चाबद्दल आधी लिहितो. सदिच्छेवर विसंबून राहावे लागू नये म्हणूनच कायदे झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील कलम ९ माहिती व दळणवळणाच्या साधनांच्या सुगम्यतेबद्दल आहे. अमेरिकेने २०१० मध्ये प्रगत दळणवळण सेवांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि युरोपीय संघाचा २०१९ चा सुगम्यता निर्देश २८ जून २०२५ पासून प्रत्यक्ष लागू झाला असून त्याच्या कक्षेत स्मार्टफोन येतात. एवढ्या मोठ्या बाजारांसाठी फोन सुधारावा लागला की उरलेल्या जगासाठी तो मुद्दाम बिघडवून विकणे कंपनीलाही परवडत नाही.

परस्परविरोधी गरजांबद्दल मात्र माझे उत्तर तितके सोपे नाही. त्या विरोधी आहेतच, आणि म्हणूनच एकच आदर्श मांडणी शोधण्याचा हट्ट सोडावा लागेल. वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी 'सर्वसमावेशक रचना' हा विचार मांडला आणि १९९७ मध्ये त्यांच्यासह अभ्यासकांच्या एका गटाने त्याची सात तत्त्वे लिहिली. त्यातले 'वापरातील लवचीकता' हे तत्त्व नेमके याच पेचासाठी आहे. यादी लांबेल ही भीती खरी आहे, पण यादी माणसाने वाचायचीच कशाला? बोट घसरते आहे, हे फोनला कळते. त्याने स्वतःहून एकदा विचारावे की, स्पर्श थोडा सैल करू का, आणि नकार मिळाला तर गप्प बसावे. तो दुसरा भाग कंपन्यांना जमेल की नाही, याबद्दल मला शंका आहे.

---

उपचारक

व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे हातांबद्दल लिहितो. 'थरथरणारा हात' हा एकच प्रकार मानला जातो आणि तिथेच रचना फसते.

कंपवातातील कंप साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ आंदोलनांचा असतो. तो हात स्वस्थ असताना अधिक दिसतो आणि हालचाल सुरू केली की बऱ्याचदा कमी होतो. अशा माणसाची खरी अडचण हालचाल सुरू होण्यातली आणि ती मंद होण्यातली असते, म्हणजे त्याला वेळ हवा असतो. दुसरा, अधिक आढळणारा कंप याच्या उलट वागतो. हात लक्ष्याजवळ जाऊ लागला की तो वाढतो. या माणसाला वेळ देऊन भागत नाही, कारण बटणाच्या अगदी जवळ आल्यावरच बोट भरकटते. त्याला बटणे मोठी हवीत, त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, आणि मुख्य म्हणजे फोनने स्पर्श झाल्याक्षणी काम करण्याऐवजी बोट उचलल्यावर करावे, म्हणजे चुकीच्या जागी पडलेले बोट सरकवून योग्य जागी नेता येते किंवा बटणाबाहेर नेऊन सोडता येते. स्पर्श ठरावीक काळ टिकला तरच मान्य करणे आणि लागोपाठ झालेल्या टिचक्या एकच धरणे, या सोयी आयफोनवर २०१५ पासून आहेत. त्या मी अनेकांना सुरू करून दिल्या आहेत, पण आपणहून त्या शोधून काढलेला माणूस मला क्वचितच भेटला.

बटणाच्या आकाराबद्दल सांगायचे तर, अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांमधील किमान आकार पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर भरतो. निरोगी बोटासाठी तो ठीक आहे. कंप असलेल्या बोटासाठी मला तो अपुरा वाटतो, आणि दोन बटणे एकमेकांना खेटून असतील तर आकार वाढवूनही चुका फारशा कमी होत नाहीत. 'पाठवा' आणि 'काढून टाका' यांना शेजारी बसवणाऱ्यांना एकदा संधिवात झालेल्या अंगठ्याने तो फोन चालवायला लावावा.

मुख्य पडद्याकडे परतण्याचे खरेखुरे बटण गेले आणि त्याजागी कडेवरून बोट सरकवण्याच्या खुणा आल्या, हा बदल माझ्या पाहण्यात वृद्धांना सर्वांत महाग पडला. काहीही बिघडले तरी एक बटण दाबले की घरी परत, ही खात्री त्यात होती. खूण अदृश्य असते. ती आठवावी लागते, नेमक्या कडेपासून आणि ठरावीक वेगाने करावी लागते. कडेवरून बोट ओढण्याची ही क्रिया मंदावलेल्या हाताला साधत नाही. अँड्रॉइडवर जुनी तीन बटणे परत आणता येतात, ती आणावीत. आयफोनवर पडद्यावर तरंगते बटण ठेवता येते.

ज्यांना हात अजिबात वापरता येत नाही, त्यांच्यासाठी स्विच लावण्याची सोय आहे. फोन एकेका चिन्हावर चौकट फिरवतो आणि हव्या त्या ठिकाणी माणूस डोक्याने, गालाने किंवा फुंकरीने स्विच दाबतो. पद्धत संथ आहे, आणि ज्या ॲपमध्ये काही सेकंदांत उत्तर द्यावे लागते तिथे ती हरते.

---

निःशब्द

मी कर्णबधिर आहे. माझ्यासारख्यांचे काम संदेशांवर भागते, असा सार्वत्रिक समज आहे. काही अंशी तो खराही आहे. मजकुराचे संदेश ऐकू येणाऱ्यांना सोय म्हणून मिळाले, आम्हाला ते स्वातंत्र्य म्हणून मिळाले. तरी ज्या क्षणी गरज तातडीची असते, त्या क्षणी व्यवस्था पुन्हा आवाजाकडे वळते. एका वित्तसंस्थेत माझे खाते गोठवले गेले तेव्हा ओळख पटवण्यासाठी 'फक्त दूरध्वनीवर बोला' असे उत्तर मला लेखी मिळाले.

यावर तांत्रिक उपाय आहे. त्याला रिअल टाइम टेक्स्ट म्हणतात. चालू कॉलमध्येच टाइप केलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी समोर उमटते, 'पाठवा' दाबावे लागत नाही. वाक्य अर्धवट राहिले तरी तेवढे पोहोचलेले असते, आणि आणीबाणीच्या कॉलमध्ये त्याला किती मोल आहे हे सांगायला नको. मात्र फोन, दूरसंचार सेवा आणि पलीकडचा माणूस या तिघांकडेही ती सोय हवी, त्यामुळे नुसता फोन चांगला असून चालत नाही.

व्हिडिओ कॉलने खुणांच्या भाषेला मोठीच जागा मिळवून दिली, पण त्यातही एक गंमत आहे. अनेकांच्या एकत्र कॉलमध्ये ॲप ज्याचा आवाज येतो त्याचे चित्र मोठे करते. खुणांनी बोलणारा आवाज करत नाही, म्हणून तो कितीही वेळ बोलला तरी कोपऱ्यातल्या लहान चौकटीतच राहतो. कुणी खोकले की त्याचे चित्र मात्र मोठे होते. हात छातीच्या पातळीवर हलतात आणि चौकट चेहऱ्याभोवती कापलेली असते, ही अडचण वेगळीच. 'बोलणे' म्हणजे आवाज, एवढेच गृहीत धरले की हे असे होते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा निराळे आहेत. फोन यंत्राजवळ नेला की गुणगुण ऐकू येणे ही जुनी तक्रार, आणि प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असणे ही नवी. ब्लूटूथचे जे नवे ध्वनिमानक २०२० मध्ये जाहीर झाले, त्यात श्रवणयंत्रांचा विचार मुळापासून केलेला आहे; ते सर्व फोनमध्ये आणि सर्व यंत्रांमध्ये आले, तर कोणत्या फोनला कोणते यंत्र चालते हे विचारत फिरावे लागणार नाही. बोलणे लगेच लिहून दाखवणारी ॲप्स २०१९ नंतर बरीच सुधारली आहेत. शांत खोलीत, एकच माणूस बोलत असेल तर मी त्यांच्यावर विसंबतो. दोन भाषा मिसळून बोलणे सुरू झाले की मी ती बंद करतो.

---

कळफलक

मी ॲप बनवण्याच्या कामात आहे, आणि वर स्पर्शज्ञ यांनी वर्णन केलेले नाव नसलेले बटण कसे जन्मते ते सांगू शकतो. बटणाचे चित्र रचनाकाराकडून येते, ते पडद्यावर बसवले की काम झाले असे धरले जाते. त्याला वाचनीय नाव देण्यासाठी एक ओळ लिहावी लागते. ती न लिहिल्यामुळे काहीच मोडत नाही, तपासणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून ती राहते. एक ओळ न लिहिण्याचा खर्च वापरणारा भरतो, हे त्याचे साधे गणित आहे.

अक्षरे मोठी करण्याबद्दल एक बारकावा. अँड्रॉइडवर २०२३ पासून अक्षरे दुप्पट आकारापर्यंत नेता येतात, आणि आधीच मोठी असलेली शीर्षके त्या प्रमाणात कमी वाढतात, म्हणजे पडदा कोलमडत नाही. तरीही ज्या चौकटीची उंची कायमची ठरवून टाकलेली असते, तिथे मजकूर कापला जातो. रोमन लिपीत तो कापला तरी बऱ्याचदा वाचता येतो. देवनागरीत वरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खालचे उकार हे सगळे ओळीच्या दोन टोकांना असतात, आणि पहिली कात्री त्यांनाच लागते. मग 'दीन' आणि 'दान' यांतला फरक उरत नाही, 'मंद' आणि 'मद' एकच होतात. त्यामुळे चाचणी मराठी मजकुरावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत करावी, असा आग्रह मी धरतो. ती इंग्रजी मजकुरावर, मधल्या आकारात होते, ही वस्तुस्थिती आहे.

वेळेची मर्यादा हा दुसरा मुद्दा. ओटीपी येतो, तो वाचायला दुसऱ्या पडद्यावर जायचे, लक्षात ठेवायचा, परत येऊन टाकायचा, आणि कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जात असतात. २०२३ च्या सुधारित वेब निकषांत असे म्हटले आहे की, ओळख पटवण्यासाठी स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये. घेतलीच तर दुसरा मार्ग द्यावा किंवा चिकटवण्यासारखी मदत उपलब्ध ठेवावी. प्रत्यक्षात अनेक ॲप्स ओटीपी आणि पासवर्ड चिकटवू देत नाहीत आणि त्याला सुरक्षा म्हणतात. बोटाच्या ठशाने हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण वयानुसार आणि कष्टाच्या कामाने ठशांच्या रेषा झिजतात, आणि यंत्र त्या माणसाला स्वतःचाच फोन उघडू देत नाही. कोणताही एकच दरवाजा ठेवू नये, असे मी म्हणेन.

---

निवांत

आतापर्यंत स्मरणाबद्दल कमी लिहिले गेले, म्हणून लिहिते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील व्यक्तीची काळजी मी घेते. अशा व्यक्तीला नवे शिकणे अवघड जाते, पण हाताला बसलेली सवय बराच काळ टिकते. ती फोन लावते तेव्हा नाव वाचत नाही. वरून तिसऱ्या चौकटीत माझा चेहरा आहे, तिथे बोट जाते. एका रात्री अपडेट आले आणि चौकटींचा क्रम बदलला. दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या चौकटीला बोट लावले आणि भलत्याच माणसाला फोन लागला. त्यानंतर कितीतरी दिवस तिने फोन हातात घेतला नाही. रचना करणाऱ्यांना यात 'किरकोळ दृश्य सुधारणा' दिसली असेल. माझी मागणी अगदी मर्यादित आहे : सुरक्षेची अपडेट आणि दिसण्याची अपडेट वेगळ्या करा, आणि दुसरी नाकारण्याचा कायमचा पर्याय ठेवा.

आयफोनवर २०२३ पासून आकलनात अडचण असणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मांडणी आली आहे; त्यात मोजकी ॲप्स, मोठ्या चौकटी आणि प्रत्येक पडद्यावर परत जाण्याचे ठळक बटण असते. ती चांगली आहे. पण त्यात काय ठेवायचे हे काळजी घेणारा ठरवतो, आणि इथे मला स्वतःचीच भीती वाटते. फसवणुकीच्या धास्तीने मी अनोळखी कॉल बंद करू शकते, पैशांचे ॲप काढू शकते, कुठे गेली हे पाहू शकते. यातले किती करावे? दुरून पडदा पाहून मदत करण्याची ॲप्स मला उपयोगी पडतात, आणि नेमकी तीच वापरून वृद्धांना लुबाडलेही जाते. मदत करणाऱ्याला मांडणी नीट करण्याचा अधिकार मिळावा, पण संदेश वाचण्याचा मिळू नये, अशी विभागणी फोनने करून द्यायला हवी. आज बहुतेक ठिकाणी पासवर्ड सांगितला की सगळेच उघडते.

---

उलटतपासणी

निवांत यांचा अपडेटबद्दलचा मुद्दा मला पूर्ण पटला, आणि तो धडधाकट माणसांनाही लागू आहे. मात्र यातून एक नवा प्रश्न निघतो. एवढी खटपट करून एक फोन जुळवला आणि तो पडून फुटला, तर दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे का?

---

मितभाषी

आजच्या स्थितीत, हो. एकाच कंपनीच्या नव्या फोनवर बऱ्याच गोष्टी उचलून नेता येतात, पण कंपनी बदलली की नाही. या प्रश्नावर गांभीर्याने काम झालेले आहे. अमेरिकेतील ट्रेस सेंटर ही संस्था १९७१ पासून या क्षेत्रात आहे. तिचे संस्थापक ग्रेग वँडरहायडन यांच्या पुढाकाराने अशी कल्पना मांडली गेली की, माणसाच्या गरजांची नोंद त्याच्याजवळ असावी आणि तो ज्या यंत्रासमोर जाईल, मग तो फोन असो, संगणक असो की तिकिटाचे यंत्र, त्या यंत्राने ती नोंद वाचून स्वतःला जुळवून घ्यावे. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने त्यावर एक मोठा प्रकल्पही झाला. तंत्र अशक्य नाही हे त्यातून दिसले. कंपन्यांना ग्राहक आपल्याच फोनला बांधलेला हवा असतो, हा अडसर तंत्राबाहेरचा आहे.

---

स्पर्शज्ञ

कल्पना उत्तम आहे, पण एक अट घालावी लागेल. त्या नोंदीत मी दृष्टिहीन आहे किंवा निवांत यांच्या घरच्या व्यक्तीला स्मृतिभ्रंश आहे, असे लिहिले गेले तर ती माहिती कोणत्याही ॲपला, विमा विकणाऱ्याला आणि फसवणाऱ्यालाही हवीच असेल. आजही माझ्या फोनवर स्क्रीन रीडर सुरू आहे की नाही, हे ॲप तपासू शकते.

---

कळफलक

बरोबर आहे, आणि म्हणून नोंदीत निदान लिहूच नये. 'अक्षरे एवढ्या आकाराची, स्पर्श बोट उचलल्यावर मान्य, वेळेची मर्यादा नको, रिंगटोन खालच्या पट्टीत', एवढेच लिहावे. प्रखर उन्हात उभ्या असलेल्या किंवा एका हातात मूल घेतलेल्या माणसाचीही नोंद काही वेळापुरती तशीच असू शकते, त्यामुळे यादी वाचून कोणाला काय झाले आहे हे नक्की सांगता येणार नाही. वेळेच्या मर्यादेची नोंद मात्र कशी झाकायची, यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. ती एकच ओळ पुष्कळ काही सांगून जाते.